साहेबांवरचा शेरा

कचेरींत आयुष्य काढलेल्या माणसाला ‘शेरा’ या शब्दाचें वजन निराळें सांगावयास नको. आमच्या वडिलांच्या पिढीचा मार्च महिना साहेबांनीं गोपनीय अहवालांत काय लिहिलें असेल, या एका काळजींत जात असे. अहवाल साहेब लिहीत, त्यावर साहेबांचे साहेब सही करीत, आणि ज्याच्याविषयीं तो लिहिला त्याच्या दृष्टीस तो सहसा पडत नसे. शेरा वरून खालीं यावयाचा. खालच्यानें वरच्याविषयीं जें कांहीं म्हणावयाचें तें लोकलच्या डब्यांत, चहाच्या टपरीवर, किंवा रात्रीं पानावर बसल्यावर. आणि तेंहि मुलें झोंपलीं आहेत अशी खात्री करून.

हा प्रवाह आतां उलटाहि वाहूं लागला आहे. मोठमोठ्या खासगी कंपन्यांत, बँकांत आणि सरकारच्या वरच्या थरांतहि अधिकाऱ्याच्या कामगिरीविषयीं त्याचा वरिष्ठ, त्याच्या बरोबरीचे सहकारी आणि त्याच्या हाताखालचीं माणसें अशा सर्वांकडून मत मागविण्याची पद्धति रूढ झाली आहे. वर्तुळाच्या अंशांवरून तिला ‘थ्री सिक्स्टी डिग्री फीडबॅक’ असें नांव पडलें आहे. आपण तिला चहूंकडचा अभिप्राय म्हणूं. मत देणाऱ्यांचीं नांवें बहुधा झांकलेलीं असतात. वरिष्ठाचें मात्र झांकतां येत नाहीं, कारण तो एकटाच असतो. गुण आणि शेरे एकत्र करून तो कागद शेवटीं त्या अधिकाऱ्याच्या हातीं पडतो, आणि मग तो त्या कागदाचें काय करतो हाच खरा कुतूहलाचा भाग आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत असा कागद येऊन गेला असेल, आणि कांहींच्या घरीं त्या रात्रीचें जेवण मुकाट्यानें झालें असेल.

माझ्या घरीं तें तसें झालेलें आहे. मुंबईंतील एका संस्थेंत मी एका विभागाचा प्रमुख होतों. हाताखालीं अकरा माणसें. कागद आला त्यांतील गुण तसे वाईट नव्हते. वरिष्ठांनीं पांचांपैकीं चार दिलेले, सहकाऱ्यांचे साडेतीनच्या आसपास, आणि खालच्या मंडळींचे तीन. परंतु शेवटच्या पानावर निनावी शेऱ्यांच्या रकान्यांत एक ओळ होती: ‘साहेब प्रश्न विचारतात, पण उत्तर संपेपर्यंत थांबत नाहींत.’ बाकीचा सारा कागद मीं एकदां वाचला. ही ओळ किती वेळां वाचली याची गणती नाहीं. आणि ती वाचतांना ‘हें खरें आहे काय?’ असा प्रश्न माझ्या मनांत प्रथम आला नाहीं. प्रथम आला तो, ‘हें कोणीं लिहिलें?’

पुष्कळ दिवस मी याला माझ्याच स्वभावाचा दोष समजत होतों. पुढें या विषयावरचें थोडें वाचन घडलें, तेव्हां आपण एकटे नाहीं हें कळून जरा धीर आला. अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक या कंपनींत मेयर, के आणि फ्रेंच या तिघां अभ्यासकांनीं वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या वार्षिक भेटींचें निरीक्षण करून १९६५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनीं पाहिलेले कर्मचारी ९२ होते. एकेका भेटींत वरिष्ठाकडून सरासरी तेरा दोष दाखविले जात, आणि ज्यांच्या वांट्याला सरासरीहून अधिक दोष आले त्यांचें काम दहाबारा आठवड्यांनीं पाहतां इतरांहून कमी सुधारलेलें आढळलें. स्तुतीचा तर म्हणण्यासारखा परिणामच दिसला नाहीं. कडू औषधापूर्वीं हातावर ठेवलेली साखर म्हणूनच लोक ती ओळखत. ही हकीकत सख्ख्या वरिष्ठाच्या शब्दाची, ज्याच्या हातांत पगारवाढ असते. पुढें १९९६ सालीं क्लूगर आणि डीनिसी या दोघांनीं अभिप्रायाच्या परिणामासंबंधीं तोंवर झालेले सहाशेंहून अधिक निष्कर्ष एकत्र मांडले. सरासरीनें पाहतां अभिप्रायानें काम सुधारतें असें ठरलें खरें. पण तिसऱ्या हिश्शाहून जास्त ठिकाणीं तें उलट बिघडलें होतें. त्यांनीं दिलेलें कारण मला पटतें. अभिप्राय ऐकतांना माणसाचें लक्ष कामावरून उडून स्वतःवर जाऊन बसलें, कीं त्या अभिप्रायाचा उपयोग सरतो.

आतां माझीच गोष्ट पुढें सांगतों, कारण तींत एक गंमत आहे. तो शेरा मला नवा नव्हता. त्यापूर्वीं तीन वर्षें आमच्या वरिष्ठांनीं मला खोलींत बोलावून म्हटलें होतें, “तुमची बुद्धि फार पुढें धांवते हो, समोरच्याला जरा गांठूं द्या.” हें मीं घरीं येऊन पत्नीला मोठ्या अभिमानानें सांगितलें. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मीं प्रमाणपत्रासारखा जपून ठेवला आणि दुसरा कचेरींतच विसरून आलों. त्यानंतर वर्षभरानें शेजारच्या विभागाचे प्रमुख उपाहारगृहांत सर्वांदेखत म्हणाले, “यांच्या बैठकीला जायचें तर उत्तर पोस्टानें आधीं धाडावें लागतें.” सगळे हंसले, मीहि हंसलों, पण जागेवर परततांना मनांत आलें कीं पुढल्या बढतीच्या यादींत आम्हां दोघांचींहि नांवें आहेत, तेव्हां गृहस्थांचा जळफळाट उघडच आहे. तिसरी ही निनावी ओळ. तिच्यांत मला कृतघ्नपणा दिसला. ज्यांच्या रजा मंजूर करतांना मीं कधीं खळखळ केली नाहीं, त्यांनीं पाठीमागून असें लिहावें!

शब्द थोडेबहुत निराळे, पण दोष एकच. वरिष्ठाच्या तोंडून आला तेव्हां तो मला कौतुकासारखा लागला, बरोबरीच्याच्या तोंडून मत्सरासारखा आणि खालच्याच्या लेखणींतून द्रोहासारखा. तिन्ही वेळां मीं बोलणाऱ्याचा हेतु तपासला; आणि तिन्ही वेळां माझी संवय जिच्या जागीं होती तेथेंच राहिली.

यावर कोणी म्हणेल कीं, तिघांना एकच दोष दिसला हाच त्याचा पुरावा होता, मग शंकेला जागा कोठें राहिली? पण एवढें एकमत सहसा आढळत नाहीं. कॉनवे आणि हफकट यांनीं १९९७ सालीं निरनिराळ्या लोकांनीं एकाच माणसाला दिलेल्या गुणांचा मेळ कितपत बसतो हें अनेक अभ्यासांवरून काढलें. संपूर्ण मेळ म्हणजे १ आणि मुळींच मेळ नाहीं म्हणजे शून्य धरलें, तर वरिष्ठ आणि बरोबरीचे यांचा मेळ ०.३४ निघाला, आणि वरिष्ठाचें मत व त्या माणसाचें स्वतःविषयींचें मत यांचा अवघा ०.२२. याचा अर्थ कोणी खोटें बोलतो असा मी घेत नाहीं. वरिष्ठ पाहतो तो खोलीचें दार वाजवून, फाईल नीट लावून आंत आलेला अधिकारी. बरोबरीचे पाहतात तो अंदाजपत्रकाच्या बैठकींत आपल्या विभागासाठीं ओढाताण करणारा. आणि हाताखालच्यांना दिसतो तो संध्याकाळीं साडेसहा वाजतां, शेवटची गाडी चुकेल या धास्तींत तिसऱ्यांदां मसुदा परत करणारा मनुष्य. घरांतल्या आमटीसारखेंच हें आहे. मीठ जास्त झालें, तर पाहुणा ‘छान झाली आहे’ म्हणतो, यजमान कांहीं न बोलतां ताक मागून घेतो, आणि पांच वर्षांचा नातू ‘खारट’ म्हणून मोकळा होतो. तिघांच्याहि वाटींतली आमटी एकाच पातेल्यांतली. कचेरींत नातू नसतो. नांव झांकलें म्हणजे प्रत्येकाला घटकाभर नातू होतां येतें, एवढाच त्या गुप्ततेचा अर्थ.

आणि ही गुप्तता म्हणजेच साऱ्या पद्धतींतील मोठें त्रांगडें आहे. अँटोनिओनी या संशोधकानें १९९४ सालीं एका विमा कंपनींत हाताखालच्या लोकांचे दोन गट केले. एका गटानें नांवानिशीं आपल्या साहेबांस गुण दिले, दुसऱ्यानें निनावी. नांव घालणाऱ्यांनीं गुण चढे दिले, यांत कोणाला नवल वाटूं नये. नवल पुढेंच आहे. साहेबांना विचारतां, नांवानिशीं मिळालेला अभिप्रायच त्यांना अधिक रुचला होता. म्हणजे ज्या शेऱ्यावर साहेबाचा विश्वास बसतो तो भिडेनें गोड झालेला, आणि जो खरा असण्याचा संभव अधिक त्याला धनी नाहीं म्हणून साहेब मानणार नाहीं. आपल्या समाजांत तर वडील माणसाच्या तोंडावर बोलूं नये हें बाळकडूच. वडिलांसमोर खुर्चीवर न बसणारीं मुलें ज्या पिढीनें वाढविलीं, त्या पिढीच्या नातवांकडून साहेबाच्या तोंडावर साहेबाचे दोष सांगण्याची अपेक्षा जरा जास्तच नव्हे काय?

गुण कमी पडले तर काय होतें, हेंहि ब्रेट आणि ॲटवॉटर या दोघींनीं २००१ सालीं दाखवून ठेवलें आहे. ज्यांना प्रतिकूल अभिप्राय मिळाला त्यांना तो बिनचूक वाटला नाहीं, ते चिडले, आणि ज्यांना सुधारण्याची गरज सर्वांत अधिक त्यांनाच तो कागद सर्वांत निरुपयोगी वाटला. २०१७ सालीं ग्रीन, जिनो आणि स्टॅट्स यांनीं आणखी एक गोष्ट उजेडांत आणली. स्वतःविषयींच्या समजाहून कमी लेखणारें मत ज्या सहकाऱ्याकडून आलें, त्याच्याशीं कामाचा संबंध ठेवणें ऐच्छिक असेल तर माणूस तो हळूच तोडतो, आणि आपल्याला दुजोरा देतील अशीं नवीं माणसें शोधतो. भांडण नाहीं, तंटा नाहीं. फक्त विचारावयास जाण्याची वाट बदलते.

ही वाट मीहि बदलली होती. आमच्या विभागांत निविदांचें काम पाहणाऱ्या एक बाई होत्या. कामाला अत्यंत चोख, पण कोणतीहि गोष्ट सांगावयाची तर पहिल्या पत्रापासून क्रमानें सांगावयाच्या. निष्कर्ष आधीं आणि कारणें मागाहून ही घाईची रीत त्यांना ठाऊक नव्हती. तो शेरा त्यांचाच, असें मीं दोन दिवसांत ठरवून टाकलें. कशावरून? तर विभागांत सर्वांत जास्त वेळां मीं मध्येंच तोडलें असेल तें त्यांना. आज विचार करतों तेव्हां वाटतें, कीं माझा कबुलीजबाब त्या संशयांतच होता. तो शेरा खोटा असता तर मला तो कोणावरहि घेतां आला नसता. मीं त्यांना एक शब्दहि बोललों नाहीं. फक्त निविदांसंबंधीं कांहीं विचारावयाचें झालें, तर दुसऱ्याला विचारूं लागलों. बैठकींत त्यांच्याकडें पाहणें सोडलें. त्यांची फाईल आली कीं इतरांच्या खालीं ठेवूं लागलों. अशा गोष्टींची तक्रार कोणत्याहि रकान्यांत लिहितां येत नाहीं. सहा महिन्यांनीं त्यांनीं दुसऱ्या शाखेंत बदली मागितली, आणि मीं शिफारस करून ती लगेच देवविली. निरोपसमारंभांत मीं भाषणहि चांगलें केलें.

येथें दुसरी बाजूहि सांगणें न्यायाचें होईल. खालच्यांचें मत नेहमीं सोन्यासारखें असतें असें नाहीं. केंद्र सरकारनें वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांची पदांसाठीं निवड करतांना २०१५ च्या सुमारास चहूंकडून मत घेण्यास आरंभ केला. २०१७ सालीं संसदेच्या स्थायी समितीनें ही पद्धति अपारदर्शक आणि व्यक्तिनिष्ठ असल्याची टीका केली. ज्या अधिकाऱ्यानें एखाद्या कनिष्ठाला शिस्त लावली असेल त्याच्याविषयीं तो कनिष्ठ निष्पक्ष मत देईल काय, ही समितीची शंका पोकळ म्हणतां येणार नाहीं. शिवाय तेथें अभिप्राय निवडीसाठीं घेतला जात असे. सुधारण्यासाठीं तो त्या अधिकाऱ्याच्या हातीं देणें हा त्यांतला हेतु नव्हता. मनुष्याला दिसूं न देतां त्याच्याविषयीं साठविलेल्या शब्दानें काय अनर्थ होतो, हें देव दत्त यांच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलें होतें. हे सीमा रस्ते संघटनेंतील अभियंते. एका वर्षीं त्यांच्या अहवालांत ‘गुड’ असा शेरा पडला. बढतीसाठीं ‘व्हेरी गुड’ हवें होतें. ‘गुड’ हा कांहीं प्रतिकूल शेरा नव्हे म्हणून तो त्यांना कळविलाच गेला नाहीं, आणि बढती हुकली. प्रतिकूल असो वा अनुकूल, प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळविला पाहिजे असा निर्णय न्यायालयानें २००८ सालीं दिला, आणि दुसऱ्या वर्षापासून केंद्र सरकारनें संपूर्ण अहवाल नोकराला दाखविण्याचा नियम केला. आमच्या वडिलांच्या मार्च महिन्यांतील निम्मी काळजी त्या एका निकालानें संपली असती.

उलट टोंक पाहावयाचें तर एचसीएल टेक्नॉलॉजीज या कंपनीचें पाहावें. विनीत नायर यांनीं २००५ सालीं तिचीं सूत्रें हातीं घेतल्यावर स्वतःविषयींचे अभिप्राय कंपनीच्या अंतर्गत संगणकजाळ्यावर सर्व नोकरांना वाचतां येतील असे उघडे ठेवले, आणि मागोमाग इतर अधिकाऱ्यांनींहि तेंच केलें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं ही हकीकत दिली आहे. धाडस खरेंच मोठें. पण मला वाटतें, शिखरावर बसलेल्याला असें उघडें होणें त्यांतल्या त्यांत सोपें, कारण त्याला खालीं ढकलणारा जवळपास कोणी नसतो. मधल्या पायरीवरच्या अधिकाऱ्याला वरून पाय आणि खालून हात, दोन्ही संभाळावयाचे असतात.

अशा मधल्या अधिकाऱ्यांविषयीं मला सर्वांत उपयोगी वाटलेला अभ्यास वॉकर आणि स्मिदर यांचा, १९९९ सालचा. अमेरिकेंतील एका बँकेंतील २५२ अधिकाऱ्यांना त्यांच्या हाताखालच्यांनीं दिलेले गुण पांच वर्षें सतत तपासून त्यांनीं पाहिलें. ज्यांचे गुण आरंभीं कमी होते ते सुधारले. पण खरा फरक पडला तो दुसऱ्याच एका गोष्टीनें. जे अधिकारी कागद घेऊन आपल्या माणसांत जाऊन बसले आणि त्यांतल्या मजकुराविषयीं त्यांच्याशीं बोलले, ते इतरांपेक्षां अधिक सुधारले. एकच अधिकारी ज्या वर्षीं बोलला त्या वर्षीं जास्त सुधारला, आणि ज्या वर्षीं त्यानें टाळलें त्या वर्षीं कमी. नुसत्या कागदाची शक्ति किती अल्प, हें त्याच स्मिदरनीं इतर दोघांबरोबर २००५ सालीं २४ अभ्यास एकत्र करून दाखविलें. सुधारणा होते, पण थोडकी.

आमच्या संस्थेंतहि असें बोलण्याचा नियम होता. कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत प्रमुखानें आपल्या विभागाशीं चर्चा करावी, असें छापील पत्रकांतच लिहिलेलें असे. पहिल्या वर्षीं मीं त्या रकान्यांत ‘कामाच्या गर्दीमुळें शक्य झालें नाहीं’ असें लिहून सही केली. दुसऱ्या वर्षीं कागद आला. बाई केव्हांच बदलून गेल्या होत्या. आणि शेवटच्या पानावर निराळ्या शब्दांत, निराळ्या वळणानें, तोच शेरा होता. ‘बोलायला सुरुवात केली कीं साहेबांचें उत्तर तयार असतें.’

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. पत्नीनें कारण विचारलें तें मीं सांगितलें. ती कांहीं बोलूं लागली, आणि मीं म्हणालों, “तुझें म्हणणें मला ठाऊक आहे.” ती उठून दिवा मालवावयास गेली.

बैठक घेतली ती एका गुरुवारीं दुपारीं. चहा आला, बिस्किटें आलीं; पहिलीं दहा मिनिटें पंख्याच्या आवाजाखेरीज कांहीं ऐकूं येत नव्हतें. मीं दोन्ही वर्षांचे शेरे मोठ्यानें वाचून दाखविले, कोणाचे ते मला जाणावयाचें नाहीं म्हणून सांगितलें, आणि असें नेमकें केव्हां घडतें तेवढें सांगा, अशी विनंति केली. बराच वेळ कोणी तोंड उघडीना. शेवटीं सर्वांत नवा मुलगा धीर करून बोलूं लागला, “साहेब, गेल्या महिन्यांत त्या निविदांच्या वेळीं मी सांगत होतों कीं दोन पुरवठादारांच्या...”

“पण ती तर मंजूर झाली ना?” मी म्हणालों.

क्षणभर कोणी हाललें नाहीं. मग आमच्या वयोवृद्ध मुख्य लेखनिकांना हंसूं आवरेना. त्यांच्या पाठोपाठ सगळेच हंसले, आणि मीहि. त्या मुलाला मीं वाक्य पहिल्यापासून सांगावयास लावलें, आणि ओठांवर बोट ठेवून बसलों. दोन वेगळ्या पुरवठादारांच्या निविदा एकाच हस्ताक्षरांत भरलेल्या होत्या, असें त्याला सांगावयाचें होतें. मीं तें तेव्हां शेवटपर्यंत ऐकलें असतें तर मंजुरी त्याच दिवशीं थांबली असती. आतां ती रद्द करण्याला चार महिने आणि दोन वकील लागले.

पूर्वीं निविदा पाहणाऱ्या बाईंच्या नजरेंतून ही गोष्ट सुटली नसती. त्यांची बदली होऊन तेव्हां सात महिने झाले होते.